राकीयाने पुसलेल्या रेषा

आमच्या विभागाच्या दाराशी एक पाटी आहे: "अंगावरच्या रेषांना पाणी, साबण, तेल आणि राकीया लावू नये." यातली राकीया मागाहून घातलेली आहे, रंग वेगळा दिसतो. डॉक्टर वासिलियेंना ती नको होती. इस्पितळाच्या भिंतीवर दारूचं नाव शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, शोभो न शोभो, आपल्या लोकांना मी ओळखते. ताप आला की छातीला राकीया, पाय दुखले की तळव्यांना राकीया, जीव घाबरा झाला की पोटात राकीया. घरी गाळलेली, आलुबुखारची, नुसत्या वासाने डोळ्यांत पाणी आणणारी. माझ्या मुलाला मीसुद्धा तीच चोळून वाढवलं. पण आमची जांभळी शाई राकीयापुढे टिकत नाही, आणि शाई गेली की आमचं सगळं कामच गेलं.

कारण आमच्याकडे रेषा म्हणजेच सगळं. डॉक्टर एक्स-रे बघून, मोजून-मापून, रुग्णाच्या अंगावर चौकट आखतात. किरण त्या चौकटीतच सोडायचे, बाहेर नाही. किरणांना काय कळतंय, त्यांना गाठ आणि काळीज सारखंच. रोज तीच जागा, रोज तोच कोन, आठवड्यामागून आठवडे. म्हणून उपचार संपेपर्यंत तिथे पाण्याचा थेंब लावायचा नाही. लोक मान डोलावतात, घरी जातात आणि त्यांना करायचं तेच करतात.

मी तिथे यंत्र चालवते. नर्स नाही मी, तरी सगळे मला रांका सिस्टर म्हणतात. पूर्वी मी प्रत्येकाला समजावायचे, की मी नर्स नाही. आता नाही समजावत. संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, आणि घरी गेल्यावर नवरा विचारतो की आज काय विशेष, तेव्हा त्याच्याकडे बघायचंही त्राण नसतं. यंत्राचीही तीच गत होती. त्याच्या शिसं भरलेल्या डोक्यात किरण सोडणारा कोबाल्टचा तुकडा असतो आणि तो आपोआप विझत जातो, कोणी काही करो न करो. जितका तो विझेल, तितका वेळ रुग्णाला त्याच्याखाली जास्त पडून राहावं लागतं. नवा तुकडा केव्हाचा मागवलेला होता. पण ते निर्बंधांचे दिवस, सर्बियात बाहेरून काही म्हणजे काही येत नव्हतं, ना पेट्रोल, ना कॉफी, ना कोबाल्ट. त्यामुळे रांग लांबत गेली, व्हरांड्यातली भांडणं वाढली, आणि शिव्या मात्र मला.

त्या वसंतात रोज सकाळी डोंगराकडच्या बसने दोघी यायच्या. ग्रोझ्दाना आणि तिची सासू स्तामेना. ग्रोझ्दाना चाळिशीच्या आतली, उंच, हाडापेराने मजबूत. डावं स्तन काढलेलं होतं. आधी एक्स-रेने गाठ दाखवली, मग सर्जनने कापली, आणि मागे काही रेंगाळत असेल तर ते जाळायचं काम आमच्याकडे आलं. स्तामेना आजी तिच्या खांद्याला लागेल एवढीशी, डोक्याला काळा रुमाल, काखेत लोकरीचा पेळू, हातात सूत कातायची चाती. बसमध्ये सूत कातत यायची, व्हरांड्यात सूत कातत बसायची, आणि कातता कातता सुनेला बोलायची. बायका तिच्या शेजारची जागा धरून ठेवायच्या, एवढी करमणूक दुसरीकडे कुठे मिळणार.

"ही बघा, राणीसरकार," सून कपडे बदलून आली की ती म्हणायची. "सकाळी कोंबड्या मी सोडल्या, गाईचं दूध मी काढलं. राणीसरकार नुसत्या झोपायला इथे येतात. घरी पलंग नाही का तुला, बये?"

ग्रोझ्दाना उत्तर द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात द्यायची. तेव्हा ती म्हणायची, "आई, तुम्हीच झोपून बघा त्या पलंगावर, मग बोला." आणि म्हातारी खूश व्हायची. मग हळूहळू सुनेचं बोलणं बंद होत गेलं. शेवटी शेवटी ती माझ्याशीही फक्त एकच वाक्य बोलायची. मी तिला टेबलावर नीट झोपवायचे, हात डोक्यावर बांधायचे, दिव्याची चौकट रेषांवर बसवायचे आणि निघायचे. मी दाराशी पोचले की ती विचारायची, "औषध आहे ना हे? मग तुम्ही पळता कशाला?"

पहिल्यांदा मी समजावलं. तुला ते थोडे दिवस घ्यायचं आहे, मला वर्षानुवर्षं रोज इथे उभं राहायचं आहे. त्यानंतर मी नुसतं "हलू नकोस" म्हणायचे आणि ते जाडजूड दार लोटून घ्यायचे. खोटं कशाला सांगू, दिवसात इतक्यांदा ते दार लोटल्यावर आत कोण आहे याचा विचार मनात येत नाही. काचेतून बघायचं, माणूस हलत नाहीये ना, झालं.

तिच्या नवऱ्याचं नाव नोवित्सा. तो व्हिएन्नाला बांधकामावर गेला होता आणि दोन ईस्टर झाले तरी फिरकला नव्हता. व्हरांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं की तिथे त्याने दुसरं घर मांडलंय. त्याबद्दल म्हातारी अवाक्षर काढायची नाही, तेवढा एक विषय सोडून ती जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलायची.

तर त्या सोमवारी मी ग्रोझ्दानाला टेबलावर घेतलं, अंगावरची चादर बाजूला केली, दिवा लावला आणि थबकले. रेषा फार छान होत्या. कडक, सरळ, कोपरे एकदम काटकोनात. गालिच्याच्या काठाला असतात तशा.

"ह्या कोणी काढल्या?"

ती छताकडे बघत होती. "तुम्हीच ना."

"माझी रेष इतकी सरळ आयुष्यात कधी आली नाही."

डॉक्टरांची वरची रेष तिच्या गळ्याच्या हाडाखालच्या तिळाला चिकटून जायची. रोज दिवा बसवताना मी तोच तीळ आधी शोधायचे. आता तीळ चौकटीच्या बाहेर, चांगला दोन बोटं वर राहिला होता. म्हणजे सगळी चौकट खाली सरकली होती. वर जिथे जाळायचं होतं ते सुटत होतं, आणि खाली जिथे काहीही करायचं नव्हतं तिथे काळीज होतं. नशीब, बटण दाबलेलं नव्हतं. मला असा संताप आला की मी दार उघडून व्हरांड्यात ओरडलेच.

"स्तामेना आजी! इकडे या!"

म्हातारी पेळूसकट आत आली. टेबलाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, "झालं काय, आग लागली का?"

"सुनेच्या अंगावर हे कोणी रंगवलं?"

"मी." एवढं सहज म्हणाली. "पोरीला शनिवारी ताप भरला. मग काय करणार? राकीया चोळली. चोळल्यावर लक्षात आलं की तुझ्या पाटीवर लिहिलंय. मग परत काढल्या. गालिचे विणते मी, काठ मला शिकवू नकोस."

"कशाने काढल्या?"

"मेंढ्यांच्या खुरांना लावतो ते औषध. तेही जांभळंच असतं."

"आजी, हिचं काळीज कुठे आहे माहीत आहे तुम्हाला?"

"तिचं काळीज तिला माहीत. मला कुठे दाखवलंय तिने कधी."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. मी ग्रोझ्दानाचे हात सोडले, तिला उठवून व्हरांड्याच्या कडेला पडद्यामागे कपडे बदलायच्या जागी बसवलं, आणि डॉक्टरांना बोलावणं धाडलं. पुढच्या माणसाला सांगितलं, जरा थांब. तो म्हणाला, माझी बस चुकणार. मी म्हटलं, मग पळ.

डॉक्टर वासिलिये मनाने चांगले, पण त्या वर्षी ते एकटेच उरले होते, बाकीचे दोघे परदेशी निघून गेले होते. दोन वॉर्ड आणि आमचा विभाग सगळा त्यांच्या गळ्यात. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी काय झालं ते सांगितलं आणि ते थेट व्हरांड्यात गेले. मी मेंढ्यांचं औषध पुसायला तेलाचा बोळा घेऊन पडद्यामागे गेले, आणि बाहेरचा आवाज कापडातून स्पष्ट ऐकू येत राहिला.

"आजी, वाचता येतं का तुम्हाला? भिंतीवर काय लिहिलंय?"

"येतं थोडं."

"मग? आम्ही इथे मरमर मरतोय. विझत चाललेल्या यंत्रावर माणसं वाचवतोय. आणि तुम्ही घरी बसून तिच्या अंगावर नक्षी काढता? तिला मारायचंय का तुम्हाला?"

म्हातारीची चाती फिरण्याचा आवाज तेवढा येत होता.

मी पडद्यामागे बोळा टेकवला आणि तिथेच एकदम कळलं. ताप आलेल्या माणसाला राकीया चोळायची पद्धत मला कोणी सांगायला नको. तळहातावर ओतायची आणि गोल गोल, छाती, पाठ, मान, सगळीकडे. तसं केलं असतं तर शाई फिसकटून सगळी छाती जांभळट झाली असती. इथे तसं काही नव्हतं. मेंढ्यांच्या औषधापासून दोन बोटांवर, आमच्या जुन्या रेषा जिथे होत्या नेमक्या तिथे, कातडी लालभडक खरवडलेली होती. एकेक रेष घेऊन, फडक्याने, सावकाश पुसलेली. बाजूची कातडी तशीच कोरडी. आणि ग्रोझ्दानाच्या उजव्या हाताच्या नखांत जांभळं साचलं होतं.

किरणांनी आधीच भाजलेल्या कातडीवर राकीया. तिथे नुसता सदरा घासला तरी रुग्ण कळवळतात.

"ताप नव्हता ना?" मी हळू विचारलं.

तिने नखं मुठीत लपवली.

"तूच पुसलंस."

"हो." तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, लाज नव्हती, डोळ्यांत काहीच नव्हतं. "कंटाळले सिस्टर. दमले. रोज पहाटे उठा, बस येईल का नाही ते बघत उभं राहा. अंगाला वास येतो. मेंढीसारख्या खुणा घेऊन फिरते. इथे येऊन झोपा, तुम्ही सगळे पळता, दार लागतं, आणि मी त्या यंत्रासमोर एकटी. दरवेळी वाटतं आता हे दार उघडणारच नाही. आणि कशासाठी? कोण बसलंय वाट बघत? नोवित्सा?"

"आणि या रेषा?"

"रविवारी दुपारी तिने मला बघितलं. काही बोलली नाही. गोठ्यात गेली, मेंढ्यांचं औषध आणलं, मला बाकावर बसवलं आणि काढायला लागली. एका हाताने दुसरा धरून, एकेक रेष सावकाश काढत होती. मी काढू दिलं. म्हटलं, काढू दे. तुम्ही बघितल्याबरोबर ओळखाल, हाकलून द्याल, म्हणजे मी सुटले. ती असं सांगेल हे मला कुठे माहीत होतं?"

बाहेर डॉक्टरांचा आवाज आणखी चढला होता. "उत्तर द्या! एवढी वर्षं सून म्हणून राबवली, आता आजारी पडली तर नकोशी झाली का?"

हे वाईट होतं. थकलेला माणूस असं बोलतो आणि मग आठवडाभर स्वतःला खातो, मी त्यांना ओळखते. बाहेर कोणीतरी बाई चुकचुकली. म्हातारी एवढंच म्हणाली, "म्हण बाबा, तुला काय म्हणायचं ते म्हण. पण हिच्या रेषा नव्याने आजच्या आज काढ."

ग्रोझ्दाना उठली. सदऱ्याची बटणं उघडी, अंगावर अर्धवट पुसलेलं मेंढ्यांचं औषध, तशीच. मी चादर तिच्या खांद्यांवर टाकायला धावले. तिने पडदा सारला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

"त्यांनी नाही केलं. मी पुसल्या."

"गप्प बस," म्हातारी म्हणाली. चातीवरची नजर तिने हलवली नाही. "ताप डोक्यात गेलाय हिच्या, डॉक्टर. लक्ष देऊ नका."

"ताप नव्हता आई."

"होता!"

"मी पुसल्या. मला इथे यायचं नाही. उद्याही नाही आणि परवाही नाही. त्यांना बोलू नका."

डॉक्टर दोघींकडे बघत राहिले. मग ते भिंतीजवळच्या बाकावर, दोन पेशंटांच्या मध्ये बसले. एवढे मोठे डॉक्टर, पण अंगातली हवा गेल्यासारखे बसले. खिसे चाचपले, सिगारेट नव्हती. शेवटी म्हणाले, "बाई, मी तुला बांधून तर ठेवू शकत नाही. पण ऐक. आता मध्येच सोडलंस तर आतापर्यंत जे भाजून घेतलंस ते सगळं फुकट. मागे जे राहिलं असेल त्याला मोकळं रान. अर्धवट केल्यापेक्षा न केलेलं बरं होतं, असं होईल. मी पुन्हा रेषा काढून देईन, आज, आत्ता. तू उद्या येणार असशील तर. नाहीतर माझा वेळ दुसऱ्याला देतो, बाहेर माणसं उभी आहेत."

ग्रोझ्दानाने चादर गच्च धरली होती. मला दिसत होतं की तिला दाराकडे जायचंय, आणि ते दार तिच्यापासून फार लांब नव्हतं. डोंगराकडची बस अजून स्टँडवरच उभी असेल.

तेव्हा म्हातारीने चाती मांडीवर ठेवली. मी तिला सूत सोडून रिकाम्या हाताने बसलेली पहिल्यांदाच बघत होते.

"जा," ती सुनेला म्हणाली. "जायचं तर जा. माझा पोरगा गेला, मी काय केलं? गाईचं दूध काढलं. तू जाशील, मी पुन्हा गाईचं दूध काढीन. मग संध्याकाळी चुलीशी बसेन आणि टोमणे कोणाला मारू? गाईला? गाय ऐकत नाही." तिने रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं. "मला कोणी नाही गं. मला तुझ्याशिवाय कोणी नाही. आता बोलले. सगळ्यांसमोर बोलले. झालं समाधान?"

व्हरांड्यात रांगेतला एक शेतकरी टोपी काढून हातात फिरवत होता. मी भिंतीकडे तोंड केलं. रडायचं असेल तर मी घरी जाऊन रडते, इथे सुरुवात केली तर थांबणार कधी.

ग्रोझ्दानाने दाराकडे पाठ केली. मग डॉक्टरांना म्हणाली, "काढा. पण ते दार लागलं की मला जमत नाही. काहीही करा त्याचं."

"दार लावल्याशिवाय यंत्र चालूच होत नाही," मी म्हटलं. आमचं बोलायचं यंत्रही मेलेलं होतं. आतल्याशी बोलायला पूर्वी माइक होता, त्याची तार मागच्या हिवाळ्यात गेली, नवी मिळाली नाही.

डॉक्टरांनी तिला एक्स-रेच्या खोलीत नेलं. पुन्हा फोटो, पुन्हा मोजपट्टी, पुन्हा तीळ. कातडी इतकी सोललेली होती की शाई टेकवताना त्यांचाच चेहरा वाकडा होत होता. मधे मला हळूच विचारलं, "मी म्हातारीला जास्त बोललो का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "हं." आणि पुढची रेष काढली. जमेल तिथे त्यांनी सोललेली कातडी टाळून रेषेऐवजी नुसते ठिपके दिले, की लागू नये.

तोवर दुपार झाली होती. बस गेली होती. मधे मधे येऊन मी रांगही संपवली होती. मी ग्रोझ्दानाला पुन्हा टेबलावर घेतलं, दिवा बसवला, तीळ शोधला. तीळ रेषेला लागला. तिचा श्वास आताच जोरात चालला होता आणि छाती अशी हलत असताना नेम धरण्यात अर्थ नव्हता. मी दाराकडे गेले नाही. मला त्या दिवशी ते 'तुम्ही पळता कशाला' ऐकायचं नव्हतं.

म्हातारी दारात उभी होती, काखेत पेळू. तिच्या चातीवर दिवसभराचं सूत गुंडाळलेलं होतं. ते बघून मला एकदम आठवलं. फार पूर्वी, मी नवीन होते तेव्हा, लहान मुलं यायची ना, त्यांच्यासाठी आम्ही एक युक्ती करायचो. मग कामाचा रेटा वाढला आणि ते सुटून गेलं.

"आजी, ते सूत द्या इकडे."

"कशाला? मोज्यांसाठी काढलंय."

"द्या हो."

तिने कुरकुरत टोक दिलं. मी ते ग्रोझ्दानाच्या डोक्यावर बांधलेल्या हाताच्या बोटाला सैलसर गुंडाळलं, दोन फेरे. मग सूत सोडत सोडत टेबलापासून दारापर्यंतच्या वळणाच्या बोळातून बाहेर आले, दाराच्या खालच्या फटीतून काढलं आणि दुसरं टोक, चातीसकट, म्हातारीच्या हातात दिलं.

"एवढं धरून बसा. ताणायचं नाही. सोडायचंही नाही. तिला कळेल, तुम्ही इथे आहात."

"म्हणजे मी कुठे जाणारेय?" म्हातारी म्हणाली. पण ती दाराशी खाली फरशीवर बसली आणि सूत दोन्ही हातांनी धरलं.

मी आत जाऊन ग्रोझ्दानाला सांगितलं. तिने बोट जरा हलवून बघितलं. मग म्हणाली, "लावा."

दार लागलं. मी बटण दाबलं. यंत्राच्या डोक्यातून कोबाल्ट सरकल्याचा खट आवाज झाला, लाल दिवा लागला. काचेतून मी बघत होते. तिचे डोळे मिटलेले, छाती हळूहळू शांत होत चाललेली. विझत आलेलं यंत्र आपल्या सवडीने काम करत होतं. डॉक्टर बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. म्हातारीकडे न बघता म्हणाले, "आजी, ती राकीया उरलीय का घरी?"

"आहे थोडी."

"उद्या आणा. अंगाला लावायला नको, मला हवीय."

"तुला का म्हणून? मला एवढं बोललास ना," म्हातारी म्हणाली. मग जराशाने, "आणीन. बाटली मात्र परत दे."

ती सूत धरून बसली होती आणि बंद दाराशी बोलत होती, आत काहीही ऐकू जाणार नव्हतं तरी. काळी कोंबडी खुडूक झालीये. बस गेली, आता रात्री चुलतबहिणीकडे राहायला लागेल, आणि तिच्या हातचं सूप तर देव कोणाच्या नशिबी न आणो. सकाळी गाईचं काय, शेजारीण काढेल दूध, अर्धं पिईल. बोलता बोलता ती मध्येच थांबली.

फटीतून आलेलं सूत हललं होतं. अगदी किंचित. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा.

मी काचेकडे झेपावले. अंग जागचं हललं नव्हतं, फक्त बोट. तरी मी ओरडायला हवं होतं, नियम म्हणजे नियम. पण आत ऐकू गेलं नसतं, आणि मला ओरडायचंही नव्हतं.

"काय म्हणतेय?" डॉक्टरांनी विचारलं.

"विचारतेय, आहे का मी," म्हातारी म्हणाली, आणि तिने सूत हळूच एकदा ओढलं.